म्हाताऱ्या कुत्र्याचा गुडघा

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं कुत्रं दहा-अकरा वर्षांचं झालंय. मागचा एक पाय टेकवत नाही. डॉक्टरांनी गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे दोन हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा, गेल्याचं सांगितलं आणि ऑपरेशन सुचवलं. मग शेजारचे काका गेटावरूनच म्हणतात, "आता म्हाताऱ्या जीवाले कायले कापता? किती दिवस रायले त्याचे?" आणि पुण्याला नोकरी करणारी मुलगी फोनवर रडत सांगते, "बाबा, पैसे मी पाठवते, पण ऑपरेशन कराच." मी नागपुरात पशुवैद्य आहे. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या कानात बहुतेक वेळा हे दोन्ही आवाज घुमत असतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. दोघंही कुत्र्याकडे न बघताच बोलत असतात.

आधी गुडघ्यात काय झालंय ते पाहू. कबड्डी, फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचं एसीएल जातं, तेच लिगामेंट कुत्र्यालाही असतं. पोराचं ते मैदानावर एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं मात्र बहुतेक वेळा महिनोन् महिने झिजत आलेलं असतं. स्कूटरच्या पायदानावरून मारलेली उडी किंवा गुळगुळीत फरशीवर घसरलेला पाय, हे निमित्त. तेव्हा त्या दिवशी त्याला फिरायला कोणी नेलं होतं यावरून घरात भांडू नका. असं कुत्रं बसताना तो पाय बाजूला फेकून बसतं, झोपेतून उठल्यावर सुरुवातीची पावलं जड जातात, आणि उभं असताना त्या पायाची नुसती बोटं टेकवतं.

लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टर ते हातानं तपासतात, नडगीचं हाड पुढे सरकतं का ते बघून. दुखत असलं तर कुत्रं पाय ताठ धरतं, म्हणून कधी कधी थोडी गुंगी द्यावी लागते. तरीही एक्स-रे टाळू नका. सांध्यात साचलेलं पाणी आणि संधिवाताची वाढ त्यात कळते. शिवाय मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात गुडघ्याजवळचं हाड हे कर्करोगाचं आवडतं ठिकाण आहे, आणि तोही सुरुवातीला नुसता लंगडण्यातूनच दिसतो. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, गोचीड ताप. त्यातही सांधे दुखतात. रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, आणि तशा अवस्थेत चिरफाड केली तर रक्त थांबवताना नाकी नऊ येतात. रक्त तपासल्याशिवाय ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे मी तरी माझं कुत्रं नेणार नाही.

आता भूल. लोकांना सगळ्यात जास्त भीती हिचीच. ब्रिटनमध्ये जवळपास एक लाख कुत्र्यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरोगी कुत्र्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण दोन हजारांत एक होतं, आणि आजारी कुत्र्यांमध्ये साधारण पंचाहत्तरात एक. वयानं धोका थोडा वाढतो हे खरं, पण खरी दरी निरोगी आणि आजारी यांच्यात आहे. म्हणून किडनी, लिव्हर आणि हृदय तपासून घ्यायचं. अकरा वर्षांच्या ज्या कुत्र्याचे हे तिन्ही रिपोर्ट चांगले आहेत, ते किडनी बिघडलेल्या सात वर्षांच्या कुत्र्यापेक्षा मला टेबलावर जास्त भरवशाचं वाटतं.

ऑपरेशन मुख्यतः दोन तऱ्हेचं. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. उतारावर दोरीनं बांधून ठेवलेला हातठेला डोळ्यांपुढे आणा. ती दोरी म्हणजे लिगामेंट. दोरी तुटली की ठेला घसरणार. एका पद्धतीत सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनची नवी दोरी बांधतात. दुसरीत उतारच काढून टाकतात, म्हणजे हाड कापून, माथा फिरवून, साधारण पंचवीस अंशांचा उतार पाचेक अंशांवर आणतात आणि प्लेट-स्क्रूनं पक्कं करतात. हिला टीपीएलओ म्हणतात. बार्कले स्लोकम या अमेरिकन सर्जननं ती 1993 साली मांडली. लहान कुत्र्याला दोरी बऱ्याचदा पुरते. तीस-पस्तीस किलोंच्या लॅब्रेडॉरला दुसरी पद्धत जास्त मानवते. ती महाग आहे आणि सरावाचा हात मागते. सर्जनला सरळ विचारा, "ही तुम्ही नेहमी करता का? प्लेटला इन्फेक्शन झालं तर पुढे काय?" चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. नागपूरकरांना दुसरं मत घ्यायला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे, 1958 पासून. हे दुखणं तातडीचं नसतं. विचाराला आठवडा-दोन आठवडे गेले तर बिघडत नाही.

आणि ऑपरेशन न करणं? तोही एक उपचारच आहे, पण मनापासून केला तर. 1984 च्या एका अमेरिकन अभ्यासात पंधरा किलोंपर्यंतच्या कुत्र्यांपैकी सुमारे 85 टक्के ऑपरेशनविना बरी झाली किंवा सुधारली. त्याहून जड कुत्र्यांत हा आकडा जेमतेम 19 टक्के होता. नंतर 2013 साली चाळीस लठ्ठ कुत्र्यांवर काम झालं. वजन उतरवणं, औषध आणि फिजिओथेरपी एवढ्यावर वर्षअखेर जवळपास दोन-तृतीयांश कुत्री ठीक चालत होती. सोबत टीपीएलओ झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांश. म्हणजे ऑपरेशन सरस ठरलं, पण बाकीची कुत्री काही वाऱ्यावर पडली नाहीत. यातली अवघड गोष्ट वजन. साखर घातलेली पोळी, चहासोबतचं बिस्किट, आजीनं गुपचूप दिलेला तुपाचा भात, हे बंद करायला घरातली माणसं कुत्र्याहून जास्त त्रास देतात.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते घराबद्दल. हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. तेवढे दिवस उडी नाही, जिना नाही, बेल वाजली की दाराकडे धावणं नाही. एका कोपऱ्यात आडोसा करून ठेवायचं, लघवीपुरतं पट्टा लावून बाहेर काढायचं, पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरायचा. बेसा-मनीषनगरकडे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सत्तरीतले दोघंच राहतात आणि कुत्रं पस्तीस किलोंचं आहे, तर त्याला दिवसातून चारदा खाली कोण नेणार? हा प्रश्न रिपोर्टांइतकाच महत्त्वाचा. कोणी तळमजल्यावरच्या नातेवाइकाकडे तीन महिने मुक्काम हलवतात, तेही चालतं. ऋतूही बघा. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बाहेर काढायची वेळ पहाटे आणि रात्रीच, आणि घरात कूलरपाशी सांडलेलं पाणी म्हणजे घसरायची हमखास जागा. थांबता येत असेल तर मी दिवाळीनंतरची तारीख सुचवतो. फरशीवर सतरंज्या नि रबरी मॅट आजच अंथरा, ऑपरेशन करा किंवा करू नका.

औषधाचं थोडक्यात. घरातल्या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, देऊ नका, पोटात अल्सर होतो आणि किडनी जाते. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडंही जवळपास संपली, त्यामुळे जनावरांसाठी त्यावर 2006 साली आपल्या देशात बंदी आली. कुत्र्याला दुखण्यावर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, वजनाप्रमाणे, जेवणानंतर, आणि स्टेरॉइडसोबत कधीच नाही.

माझा कल विचाराल तर सांगतो. मोठं कुत्रं, रिपोर्ट चांगले, आधी आनंदानं फिरणारं आणि घरात उचलायला दोन हात असतील, तर वय विसरून ऑपरेशन करा. दोन चांगली वर्षं मिळाली तरी ती कुत्र्याच्या हिशेबात मोठी आहेत. लहान कुत्रं असेल, किंवा किडनी-हृदय थकलेलं, किंवा दुसऱ्या आजारानं दिवस मोजके राहिलेले असतील, तर औषध, वजन आणि मॅट. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच भेटीत करून घ्या. ज्याचा एक गुडघा गेला, अशा कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा, काही अभ्यासांत तर निम्म्यांचा, दुसराही पुढच्या एक-दोन वर्षांत जातो. त्यामुळे डॉक्टरांना दोन्ही पाय तपासायला सांगा, आणि पैशांचा हिशेब मांडताना दुसऱ्या पायालाही धरा.

नमस्कार.