कमी खर्चातली पाण्याखालची बाग

मंडळी, काचेच्या मोठ्या टाकीत पाणवनस्पती आणि मासे कमी खर्चात कसे वाढवायचे ते पाहू. सुरुवात टाकीच्या उंचीपासून करू, कारण मोठ्या टाकीतले पैसे सगळ्यात आधी तिथेच जातात. काचेवर पडणारा पाण्याचा दाब खोलीवर ठरतो. टाकी दोन फूट लांब असो की सहा फूट, खोली तेवढीच असेल तर तळाशी दाबही तेवढाच. उंची वाढली की जाड काच घ्यावीच लागते. लांबीमुळेही काच बाक घेते, पण तिथे वरच्या कडेला काचेच्या आडव्या पट्ट्या चिकटवून बराच आधार देता येतो. शिवाय उंच टाकीच्या तळापर्यंत पुरेसा उजेड पोचवायला जोरदार दिवे लागतात, आणि तिथल्या रोपांपर्यंत हातही पोचायला हवा. ज्या टाकीच्या तळाला हात लागत नाही, तिची छाटणी आज-उद्यावर ढकलली जाते. अशा टाक्या ओसाड होताना मी पाहिल्या आहेत. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, लांबी-रुंदी हवी तेवढी घ्या, पण उंची ४५ सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका.

उदाहरणासाठी १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची टाकी घेऊ. तिच्यात काठोकाठ २४३ लिटर पाणी मावतं. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वगळली तर साधारण २०० लिटर, म्हणजे २०० किलो. १० मिलिमीटर जाडीची काच जवळपास ५० किलो भरते. माती, रेव आणि दगड धरले की सगळं मिळून तीनशे किलोच्या वर जातं. तेव्हा स्टँडवर काटकसर करू नका. काटकसरीच्या जागा पुढे पुष्कळ आहेत, पण ही त्यातली नाही. टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भक्कम भिंतीलगत ठेवा. काचेचा तळ थेट स्टँडवर बसणार असेल तर मध्ये फोमची शीट घाला, म्हणजे खालचा एखादा बारीक खडा काच तडकवणार नाही. थोडं पाणी भरून पातळी चारी कोपऱ्यांत मोजा. एका बाजूला फरक दिसला तर पाणी काढून आधी स्टँड सरळ करा.

जुनी टाकी मिळाली तर जरूर घ्या, इथे खरी बचत होते. सांध्यांवरचं सिलिकॉन नखानं सुटतंय का ते बघा, कडांना टवके उडालेत का ते बघा, आणि मग सपाट जागी काठोकाठ भरून तीन दिवस ठेवा. सांधे पुन्हा भरायचे असतील तर बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन वापरू नका, ते माशांना मारक ठरतं.

आता मुख्य मुद्दा. लोक विचारतात, महागडा फिल्टर नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, मग टाकी चालणार कशी? लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली आपला एक प्रयोग मांडला. बारा गॅलनांचं काचेचं भांडं, तळाशी वाळू आणि चिखल, दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं एक रोप. काही दिवसांनी रोपाची जुनी पानं कुजली आणि पाणी गढूळ व्हायला लागलं. त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा निवळलं. पंप नव्हता, वीज नव्हती. एवढ्याशा भांड्यात गोल्डफिश ठेवणं आज कुणी करू नये, पण त्यातलं सूत्र जसंच्या तसं आपल्या कामाचं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे आणि वनस्पतींना अन्न. भराभर वाढणारी रोपं तो पाण्यातून थेट शोषून घेतात. जिथे पैसे कमी आहेत तिथे वनस्पती जास्त हव्यात.

त्यांना खायला घालायला महागडी तयार मातीच लागते असं नाही. साधी बागेतली माती चालते. मात्र तिच्यात खत, शेणखत, कीटकनाशक काही नको. ती चाळून काड्या-मुळं काढून टाका, अडीच सेंटिमीटरचा थर पसरा आणि वर तेवढाच थर दोन-तीन मिलिमीटरच्या रेवेचा द्या. अगदी पीठासारखी वाळू वर घालू नका. तिच्याखाली प्राणवायू पोचत नाही, माती सडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मातीचा थर जाड केला तरी हेच होतं. पाणी भरताना तळाशी एक ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा, नाहीतर सगळा चिखल वर येईल. दगड स्वतः गोळा केले तर त्यांच्यावर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर दगडात चुना आहे, तो पाणी जड करत राहील. लाकूड आधी बरेच दिवस भिजत घाला. पाणी चहासारखं झालं तरी घाबरू नका, त्या रंगानं काही अपाय होत नाही.

माझ्या पहिल्या मोठ्या टाकीत मी सात-आठ रोपं लावली आणि वर दिवे मात्र भारी घेतले, रोज दहा तास चालणारे. तिसऱ्या आठवड्यात काचा, दगड, पानं, सगळं शेवाळाच्या तंतूंनी भरलं. मी आठवडाभर ते काडीवर गुंडाळून काढत होतो आणि ते रात्रीतून परत येत होतं. शेवटी एका मित्रानं त्याच्या टाकीच्या छाटणीतली बादलीभर रोपं दिली, मी दिवे सहा तासांवर आणले, आणि महिन्याभरात शेवाळ हटलं. उजेड आणि अन्न दोन्ही भरपूर, पण ते वापरणारी रोपं मोजकी, तर उरलेलं सगळं शेवाळाच्या वाट्याला जातं. म्हणून पहिल्याच दिवशी तळाचा बहुतेक भाग झाकेल एवढी लागवड करा. साधे एलईडी दिवे पुरतात. त्यांना टायमर लावा, सहा तासांपासून सुरुवात करा, आठच्या पुढे जाऊ नका.

रोपं निवडताना देखणेपणा मागे ठेवा. व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, सेराटोफायलम ही वेगानं वाढणारी मंडळी आधी. क्रिप्टोकोरिन कमी उजेडात जगतं. सुरुवातीला त्याची पानं विरघळून जातात, पण मुळं उपटू नका, नवी पालवी फुटते. अनुबियास आणि जावा फर्नचं खोड मातीत पुरू नका, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधा. पुरलं तर कुजतं. नर्सरीत बरीच पाणवनस्पती पाण्याबाहेर दमट हवेत वाढवतात, त्यामुळे जुनी पानं पाण्यात गळतात आणि मग पाण्यातली नवी पानं येतात. आणि वर तरंगणारं काहीतरी हवंच. तरंगत्या रोपांना कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो, म्हणून ती पाण्यातला अमोनिया सगळ्यात झपाट्यानं खातात. अर्धा पृष्ठभाग मोकळा ठेवून बाकीची दर आठवड्याला काढा.

फिल्टरसाठी एअर पंपवर चालणारे दोन मोठे स्पंज पुरतात. स्पंजमध्ये उपयुक्त जिवाणू राहतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीननं ते मरतात, म्हणून टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. नळाचं पाणी टाकीत घालण्याआधी क्लोरीन काढायला विसरू नका.

जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. कच्च्या मातीतूनही सुरुवातीला अमोनिया सुटतो. या काळात मासे आणायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदला, कुजकी पानं वेचा, आणि अमोनिया-नायट्राइट मोजायचं किट मात्र विकत घ्या, तो खर्च टाळण्यासारखा नाही. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आले की मग लहान मासे, थोडे थोडे करून.

तीन-चार महिन्यांत दर पंधरवड्याला बादलीभर छाटणी निघू लागेल. ती नव्यानं टाकी लावणाऱ्याला द्या, किंवा उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घाला. तलावात, ओढ्यात, गटारात चुकूनही टाकू नका. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. शोभेची वनस्पती म्हणून ती माणसांच्या हातून जगभर गेली, आणि आज कितीतरी तलावांवर तिचा जाड थर पसरलेला आहे. त्या थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तिथले मासे मरतात.