चार रात्री झोप नाही, तरी थकवा नाही! बाळंतपणानंतरचा सायकोसिस कसा ओळखायचा?

(समोर टेबल. टेबलावर निळ्या कव्हरची वही. सरळ कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार मंडळी. ही वही माझ्या धाकट्या बहिणीची. बाळ झालं तेव्हा दुधाच्या वेळा लिहून ठेवायला घेतलेली. व्हिडिओत दाखवू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दाखव ताई. फक्त माझं नाव घेऊ नकोस."

(वहीचं पहिलं पान जवळून.)

हा पहिला दिवस. ६:१०, डावीकडे, १२ मिनिटं. ८:५०, उजवीकडे, शू झाली. अक्षर बघा किती सुबक आहे. दुसरा दिवसही असाच. आता तिसऱ्या दिवसाची रात्र. १:०५, १:११, १:१४, १:२०. या वेळी बाळ दूध पीत नव्हतं, गाढ झोपलं होतं. ती त्याचे श्वास मोजत होती. आणि हे पाचव्या दिवसाचं पान. समास कुठे उरलाच नाही. वेळांभोवती वर्तुळं, वर्तुळांना बाण, आणि मधोमध दोनदा लिहिलंय, "सगळं जुळतंय."

त्या पाच दिवसांत ती किती झोपली याचा आम्ही नंतर हिशेब मांडला. सगळे मिळून सात तासही भरले नाहीत. आणि तेव्हा घरात आम्हा सगळ्यांना काय वाटत होतं? कौतुक! बाळंतपण होऊन चार दिवस होत नाहीत तर ही कपाटं आवरतेय, एकामागून एक फोन करतेय, भराभर बोलतेय. मला म्हणाली, "मला झोपेची गरजच वाटत नाही गं ताई." मी हसले आणि विषय सोडून दिला. आज कुणा बाळंतिणीच्या तोंडून हे वाक्य ऐकलं तर मी त्याच पावली तिला डॉक्टरांकडे घेऊन जाईन.

या आजाराचं नाव पोस्टपार्टम सायकोसिस, म्हणजे बाळंतपणानंतरचा सायकोसिस. सायकोसिस म्हणजे खरं काय आणि भास-भ्रम काय, यातला फरकच न कळणं. दर १००० बाळंतपणांमागे साधारण एक-दोन जणींना होतो. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण एखाद्या मोठ्या प्रसूतिगृहात वर्षाला किती बाळंतपणं होतात ते आठवा. बहुतेक जणींना तो पहिल्या दोन आठवड्यांतच गाठतो, आणि कित्येकदा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच खुणा दिसू लागतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. त्याला बेबी ब्लूज म्हणतात. दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं, त्याला औषध लागत नाही. त्याहून खोल असतं ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के मातांना मानसिक आजार होतो, आणि तो मुख्यतः नैराश्याचा असतो. त्यावर एक वेगळा व्हिडिओ करायला हवा, तेही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण सायकोसिस हे वाढलेलं नैराश्य नव्हे. पहिल्या दिवसांत त्यात दुःख दिसेलच असं नाही. बरेचदा दिसतो तो अफाट उत्साह. मग संशय, मग गोंधळ.

आता झोपेचं जरा नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. नवजात बाळ असलेल्या घरात कुणाचीच झोप पुरी होत नाही. पण दमलेली आई बाळ झोपलं की दहा मिनिटांत डोळे मिटते. सायकोसिसच्या वाटेवरची आई बाळ झोपलं, खोलीत अंधार केला, बाळाला दुसऱ्या कुणी घेतलं, तरी झोपत नाही. आणि दुसऱ्या दिवशी दमलेलीही दिसत नाही. झोप मिळत नाही आणि झोप लागतच नाही, यातला हा फरक घरच्यांनाच दिसू शकतो.

सहाव्या दिवशी माझी बहीण बाळाला छातीशी धरून दाराला पाठ लावून बसली होती. "दार उघडू नका, ते त्याला न्यायला आलेत." कोण आलेत? उत्तर नाही. दुधाच्या वेळांमधून तिला कुणीतरी निरोप पाठवत होतं, अशी तिची खात्री होती. त्या वर्तुळांचा आणि बाणांचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. आणि अर्ध्या तासाने तिने अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, बाळाच्या लशीची तारीख कोणती?

या आजारात हेच होतं, भरती-ओहोटीसारखं. सकाळी भ्रम, दुपारी शुद्ध, संध्याकाळी पुन्हा गोंधळ. आम्ही तिला दाखवायला नेलं तेव्हा ती तपासणीच्या खोलीत पंधरा मिनिटं इतकं व्यवस्थित बोलली की "पहिलंच बाळ आहे, दमलीय, घरी न्या" असं सांगून आम्हाला परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी मी बोलत बसले नाही. ही वही उघडून समोर ठेवली. तिथल्या डॉक्टरबाईंनी चार पानं उलटली आणि लगेच दाखल करायला सांगितलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. जे दिसतंय ते लिहून ठेवा. किती वाजता झोपली, काय बोलली, कशाला घाबरली. आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे इथे कळत नसतं, त्यामुळे तिच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागेल. आणि 'मानसिक तातडी' हा शब्द न घाबरता वापरा. बाळंतिणीला जास्त रक्तस्राव झाला तर आपण सकाळची वाट बघतो का? इथेही तीच घाई हवी. त्याच दिवशी, त्याच रात्री.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिला एकटं सोडू नका आणि बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका. औषधं, धारदार वस्तू नजरेआड ठेवा. तिच्या भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. "तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे" एवढं पुरतं. यातल्या बहुतेक जणी बाळाला काहीही करत नाहीत. पण तिच्या आणि बाळाच्या जिवाला असलेला धोका खरा आहे, उपचार झाले नाहीत तर तो वाढतो, म्हणून मी हे मऊ करून सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र इथे थांबून सांगायलाच हवी, कारण हे बघणारी एखादी आई आत्ता घाबरली असेल. 'माझ्या हातून बाळ पडलं तर? मीच त्याला काही केलं तर?' असे नको असलेले विचार मनात घुसणं खूप जणींना होतं. त्या विचारांनी तुमचा थरकाप उडतो, तुम्ही सुरीपासून लांब जाता, स्वतःचीच घृणा वाटते. हा सायकोसिस नाही. विचार आपला नाही, चुकीचा आहे, हे तुम्हाला पक्कं कळतंय. सायकोसिसमध्ये तो विचारच खरा वाटू लागतो. तुमचे विचार डॉक्टरांना बिनधास्त सांगा, त्यावरही चांगले उपचार आहेत.

हा आजार का होतो? वार बाहेर पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काही दिवसांत प्रचंड वेगाने खाली येतात, त्यात झोप मोडते, आणि काही जणींचा मेंदू या धक्क्याला जास्त संवेदनशील असतो. स्वभाव, संस्कार, बाळ नकोसं असणं, यांचा काही संबंध नाही. पॅरिसच्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरांनी १८५८ मध्येच गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर ग्रंथ लिहिला होता. १९८७ मध्ये एडिंबरामधल्या ५४,००० हून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सायकोसिससाठी दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत गरोदरपणाआधीच्या तुलनेत २० पटींहून जास्त निघालं. आयुष्यातल्या दुसऱ्या कुठल्याही महिन्यात बाईला असा धोका नसतो. इतकं जुनं आणि इतकं ठळक दुखणं, आणि तरी माझ्या बहिणीच्या नऊ महिन्यांच्या तपासण्यांमध्ये त्याचा एकदाही उल्लेख झाला नाही. याचा मला आजही राग येतो.

बायपोलर आजार, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल नैराश्य येणारा आजार, असलेल्या साधारण पाचांतल्या एकीला हा त्रास होऊ शकतो. आधी एकदा झाला असेल तर धोका आणखी मोठा. गोळ्या चालू असतील तर गरोदर राहिल्यावर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पण जवळपास निम्म्या जणींना आधी कुठलाच मानसिक आजार झालेला नसतो. माझ्या बहिणीलाही नव्हता.

उपचारांत आधी रक्त तपासतात. जंतुसंसर्ग, थायरॉइड, मेंदूतल्या शिरांमधली गुठळी, यांनीही असाच गोंधळ होऊ शकतो. मग झोप आणणारी औषधं, सायकोसिसवरची औषधं, आणि मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं लिथियम. फार तीव्र असेल तर भूल देऊन ईसीटी, ज्याला लोक शॉक म्हणतात. नावाने दचकायला होतं, पण या आजारात तो लवकर आणि चांगला गुण देतो. जमेल तिथे आई आणि बाळ दोघांना एकत्र दाखल करतात. ब्रिटनमध्ये असे विभाग बरीच वर्षं आहेत, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आहे. असे विभाग अजून फार थोडे आहेत.

बहीण तीन आठवड्यांत ओळखीची वाटू लागली. पुढचे कित्येक महिने मात्र तिने उदास काढले. सायकोसिस ओसरल्यावर असं अनेकींना होतं, म्हणून तेव्हाही डॉक्टरांकडे जाणं थांबवायचं नाही. पूर्ण बरं व्हायला वर्षही लागू शकतं. पण बहुतेक जणी बऱ्या होतात.

तिला दुसरं बाळ झालं. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनी मिळून कागदावर योजना लिहिली. बाळंतपण झाल्या झाल्या लिथियम सुरू करायचं, आणि ते दुधातून बाळापर्यंत पोचतं म्हणून अंगावर पाजायचं नाही. सगळ्यांच्या पाळ्या ठरल्या. नवी वही आली, या वेळी पिवळी.

(पिवळ्या वहीचं पहिलं पान जवळून.)

पहिली ओळ तिच्याच अक्षरात आहे. "रात्री १० ते ४, झोप. बाळ ताईकडे, बाटली ताईकडे."