मळू नका, थांबू नका: सोडा ब्रेडची गोष्ट

(दृश्य: ओट्यावर वाटीत आंबट ताक. चमच्यातून चिमूटभर खाण्याचा सोडा पडतो. कॅमेरा अगदी जवळ.)

बघा, फसफसायला लागलं. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही. ढोकळ्याच्या पिठात सोडा पडला की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "आता ढवळत बसू नका, भांडं लावा." ते याचसाठी. आज जो ब्रेड करायचाय, त्याचं सगळं शास्त्र आणि सगळी घाई या एका वाटीत आहे.

नेहमीच्या ब्रेडमध्ये हे काम यीस्ट करतं. यीस्ट सजीव. ते पिठातली साखर खातं, सावकाश वायू सोडतं, आणि त्याला तासन्‌तास द्यावे लागतात. तोवर वायू धरून ठेवायला पिठात चिवट जाळं लागतं. ते ग्लूटेनचं जाळं तयार व्हावं म्हणून ते पीठ मळमळ मळायचं. सोड्याला यातलं काहीच नको. मिसळा, आकार द्या, भट्टीत ढकला. तासाभरात ब्रेड ओट्यावर.

म्हणून पुष्कळजण याला यीस्ट नसतानाची सोय समजतात. २०२० च्या टाळेबंदीत दुकानातलं यीस्ट संपलं, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांत हा ब्रेड पहिल्यांदा झाला तो असाच, अडला हरी म्हणून. पण ही दुधाची तहान ताकावर भागवणं नव्हे. या ब्रेडला मुळात ताकच हवं असतं.

(दृश्य: आयर्लंडचा नकाशा. हिरवी कुरणं, पाऊस, दगडी भिंतींची बसकी घरं.)

हा ब्रेड आयर्लंडचा. सोड्याचा शोध मात्र तिथला नाही. पीठ क्षाराने फुगवायची युक्ती त्याआधी अमेरिकेत होती. १७९६ साली तिथे छापलेल्या एका पाककृतींच्या पुस्तकात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पिठात घालायला सांगितलाय. राख भिजवायची, पाणी आटवायचं, उरलेला क्षार शुद्ध करायचा. किचकट काम. तिकडे फ्रान्समध्ये निकोला लब्लां यांनी १७९१ मध्ये साध्या मिठापासून सोडा बनवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. पुढे कारखाने निघाले, सोडा स्वस्त झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडच्या खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचला. १८३६ मध्ये त्या देशाच्या उत्तरेकडच्या डाऊन परगण्यातल्या एका वर्तमानपत्राने सोडा ब्रेडची कृती छापली, आणि लंडनच्या एका शेतीविषयक मासिकाने तिची दखल घेतली. शेतीच्या मासिकाने! यावरूनच कळतं की हा हॉटेलातला पदार्थ नव्हता, शेतकऱ्याच्या घरातला होता.

आयर्लंडनेच तो इतका उचलून का धरला? हवा थंड आणि दमट. अशा हवेत येणारा गहू मऊ, त्यात ग्लूटेन कमी. त्या पिठाचा यीस्ट घालून उंच, जाळीदार पाव करायचा म्हणजे पिठाशी भांडण. सोड्याला मात्र तेच पीठ मानवतं. दुसरं, गोठ्यात गाय आणि घरात घुसळण. साय आंबवायची, घुसळून लोणी काढायचं, लोणी विकायचं आणि ताक घरी ठेवायचं. हा हिशेब आपल्याला समजावून सांगायला नको. आणि तिसरं, घरात भट्टी नाही. होती ती फक्त चूल, आणि सरपण म्हणजे दलदलीतून विटांसारखं कापून वाळवलेलं पीट.

(दृश्य: बिडाचं तीन पायांचं जाड भांडं. सपाट झाकण. चिमट्याने झाकणावर निखारे ठेवले जातात.)

हे भांडं नीट बघा. याला तिथे बॅस्टिबल म्हणतात. आत पिठाचा गोळा, खाली विस्तव, झाकणावर पीटचे लाल निखारे. भट्टी विकत घेण्याऐवजी त्या बायकांनी भांड्याचीच भट्टी केली. कोकणात भानोळं किंवा काकडीचं धोंडस पूर्वी असंच व्हायचं: पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. दोन्हीकडच्या बायकांची कधी गाठ पडली नसणार. चूल तशीच होती, म्हणून उत्तरही तसंच निघालं.

आयर्लंडच्या उत्तर भागात तर भांड्याचीही गरज ठेवली नाही. पिठाची चपटी चकती थापायची, तिचे चार भाग करायचे आणि ते जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. या चतकोरांना फार्ल म्हणतात. आजही तिथल्या भरपेट न्याहारीत अंडी आणि बेकनच्या शेजारी ते दिसतात. तव्याशी ज्याचा घरोबा आहे, त्याने सुरुवात इथून करावी. ओव्हनसाठी अडून बसायचं कारण नाही.

(दृश्य: गोव्यातली एक भट्टी. सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला जातो, भोंगा वाजतो.)

आपल्याकडे ब्रेड आला तो वेगळ्या वाटेने. पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांना पाव हवा होता आणि यीस्ट मिळेना. मग माडाची सूर, म्हणजे माडी, कामाला आली. सूर आपसूक आंबते, कारण तिच्यात नैसर्गिक यीस्ट असतंच. पुढे मुंबईत पाव रुजला, इराण्यांच्या बेकऱ्या उभ्या राहिल्या, आणि पाव हा दाराशी येणारा किंवा कोपऱ्यावरून आणायचा पदार्थ झाला. घरी करायचा नव्हे. आपल्या घरात भाकरी होती, पोळी होती. त्यामुळे आजही घरी ब्रेड करायचा म्हटलं की लोक आधी ओव्हनची किंमत विचारतात.

(दृश्य: डोंबिवलीतलं एक स्वयंपाकघर. सकाळचे दहा. ओट्यावर परात, तराजू, ताकाचं भांडं.)

आता हात चालवू. मैदा २२५ ग्रॅम, कणीक २२५ ग्रॅम. मीठ चहाचा एक चमचा. खाण्याचा सोडाही चहाचा एक चमचा, पण सपाट. शीग लावायची नाही. आणि आंबट ताक साधारण ४०० मिलिलीटर.

ताकाबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्म्या फसगती इथेच होतात. पिशवीतलं मसाला ताक नको, त्यात मीठ, मिरची, कोथिंबीर असते. जेवणानंतर पितो ते पाणीदार ताकही नको. दोन दिवसांचं आंबट दही २५० ग्रॅम घ्या, १५० मिलिलीटर पाणी घालून घुसळा. रवीवरून जाडसर धारेने पडेल इतपत दाट हवं. दही गोड असेल तर आम्ल कमी पडतं, सोडा पुरता वापरला जात नाही, आणि ब्रेडला साबणासारखी चव येते. शंका असेल तर अर्धं लिंबू पिळा.

मैदा, कणीक, मीठ, सोडा एकत्र चाळायचं. दोनदा चाळा. सोड्याची एखादी गुठळी राहिली, तर भाजल्यावर तिथे पिवळट डाग पडतो आणि घास कडवट लागतो. काहीजण मसाला ब्रेड म्हणून यात हळद घालतात. घाला, पण सोड्याशी गाठ पडली की हळद लालसर होते. पाहुण्यांपुढे ठेवताना तेवढं ध्यानात असू द्या.

आणि हो, आधी ओव्हन तापत ठेवा, २२० अंशांवर. ताक पिठात पडलं की घड्याळ सुरू होतं. पीठ कालवून झाल्यावर ओव्हन लावणाऱ्याचा निम्मा वायू ओट्यावरच उडून जातो.

(दृश्य: परातीत पिठाच्या मध्ये आळं. ताक ओतलं जातं. एका हाताची बोटं पसरून गोल फिरतात.)

परातीवर आहेत त्या मावशी. तीन घरी पोळ्या करतात, पिठातला त्यांचा हात बघत राहावा असा. बोटं ताठ पसरून त्यांनी पीठ गोल फिरवलं. अर्ध्या मिनिटात पीठ ओलं झालं. आणि मग, सवयीनेच, तळहाताची टाच गोळ्यावर पडली.

"मावशी, थांबा, मळू नका."

"अहो ताई, गोळा बघा ना कसा झालाय. सगळ्या भेगा पडल्यात."

"असू द्या. भेगाच हव्यात."

"माझ्या सासूने असा उंडा बघितला असता ना, तर परत मळायला लावला असता."

मावशींनी हात मागे घेतला, पण नजर गोळ्यावरून हलेना. बरोबर आहे. पोळीच्या कणकेचा सगळा संस्कार याच्या उलट आहे. तिथे मळून, तेलाचा हात लावून, झाकून, मुरवून पीठ लुसलुशीत करायचं असतं. इथे मळलं की ग्लूटेन जागं होतं, सोड्याचा वायू पळून जातो, आणि बाहेर येतो तो घट्ट, चिवट दगड. चांगली पोळी करणाऱ्या बाईला हा ब्रेड पहिल्यांदा अवघड जातो, आणि जिला पोळी गोल जमत नाही तिचा पहिल्याच फटक्यात छान होतो. यात थोडा अन्याय आहे खरा.

आपली कणीक आयर्लंडच्या पिठापेक्षा जास्त पाणी पिते. चक्कीत दळताना दाण्यातलं पिष्ट बरंच तुटतं, आणि तुटलेलं पिष्ट पाणी ओढतं. त्यामुळे परदेशी कृतीतलं ताकाचं माप तंतोतंत धरून बसू नका. गोळा हाताला थोडा चिकटायला हवा. पोळीच्या पिठापेक्षा सैल, भज्याच्या पिठापेक्षा घट्ट.

(दृश्य: पीठ भुरभुरलेल्या ओट्यावर गोळा. कडा आत दुमडून गोल आकार. सुरी खोल जाते.)

ओट्यावर पीठ भुरभुरून गोळा एकदाच उलटा, कडा आत घ्या, तळहाताने दाबून चार सेंटिमीटर जाडीची चकती करा. आता सुरीने वर मोठी फुली. नुसती रेघ नको, अर्ध्या जाडीपर्यंत खोल. या फुलीला तिकडे कुणी क्रूसाची खूण मानतं, कुणी म्हणतं, घरातल्या पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून. भट्टीच्या बाजूने बघितलं तर फुलीमुळे उष्णता मधल्या जाड भागात लवकर शिरते, आणि ब्रेड मन मानेल तिथे न फाटता या रेषांवर उघडतो. पऱ्यांचं पऱ्या बघून घेतील.

२२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३० मिनिटं. सोड्याच्या क्षारामुळे आणि ताकातल्या साखरेमुळे वरचा पापुद्रा चांगला खरपूस होतो. रंगावर जाऊ नका, तो फसवतो. ब्रेड फडक्याने उचला, उलटा करा आणि तळावर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर झाला. बद्द आवाज आला तर उलटाच ठेवून आणखी पाच मिनिटं.

(ध्वनी: तळावर टकटक.)

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या, तळाला मिठाचा थर, त्यावर लोखंडी रिंग, वर ताटली, घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मग ब्रेड आत. याने तळ मस्त भाजतो, पण वरची बाजू पांढरट राहते, कारण झाकणावर निखारे नाहीत. शेवटी ब्रेड तव्यावर उलटा टाकून ती बाजू भाजून घ्यायची. किंवा सरळ फार्ल करा, तेच बरं.

ताक नसेल तर? मग बेकिंग पावडर. तिच्यात सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही असतात, त्यामुळे दूधसुद्धा चालतं. तिची गोष्ट गोड आहे. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड हे रसायनांचे जाणकार, आणि त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं. तिला ब्रेड खाता यावा म्हणून त्यांनी १८४३ मध्ये ही पावडर तयार केली. आपल्याकडचं सोड्याचं मोठं ठिकाण म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावरचं मिठापूर. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचा कारखाना तिथे आहे, आणि समुद्राच्या मिठाचा सोडा होतो. एवढं मात्र लक्षात ठेवा: सोड्याच्या जागी बेकिंग पावडर त्याच मापाने घातली तर ब्रेड बसतो, आणि पावडरच्या जागी तेवढाच सोडा घातला तर तोंड खारट होतं.

(दृश्य: ब्रेड सुती फडक्यात गुंडाळलेला. मग फुलीवरून हाताने चार तुकडे.)

गरम ब्रेड लगेच कापू नका, आतला गर सुरीला चिकटतो. पोळ्या ठेवतो तसा सुती फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा. पापुद्रा जरा नरमतो. मग फुलीवरून हाताने तोडा. आत मोठी जाळी दिसणार नाही. गर दाट, ओलसर, किंचित आंबूस, थोडा भुसभुशीत.

म्हणूनच याचा वडापाव करायला जाऊ नका. पावाला दाबलं की तो दबतो आणि वड्याला धरून ठेवतो. हा चुरा होऊन मांडीवर सांडतो. जाड फोड कापा, तिच्यावर घरचं लोणी आणि लसणाची चटणी. किंवा टोमॅटोच्या साराबरोबर. मावशींनी चहात बुडवून बघितला. तुकडा कपातच राहिला आणि चमच्याने काढावा लागला.

संध्याकाळपर्यंत हा ब्रेड उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा पडतो, तेव्हा फोडी तव्यावर तुपात परतून घ्यायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्यात अर्थ नाही. आयर्लंडमध्ये तो रोजच्या रोज का भाजत, ते तेव्हा कळतं.