आजीच्या पायांना तेल कोण लावतं?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी.

समितीने मला विषय दिला होता 'रोजच्या जगण्यातले आरोग्याचे साधे उपाय'. प्राणायामावर बोलायचं, झोपेवर बोलायचं, असं मनात होतं. पण या जुलैत आम्ही मुंबईला जाऊन आलो आणि तिथे आमच्या दहा वर्षांच्या लेकीने तिच्या आजीला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. तेव्हा आज त्याच प्रश्नाविषयी बोलू द्या.

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासात गेली. आई आता मुलुंडला सोळाव्या मजल्यावर राहते. आम्ही पोचलो त्या रात्री लेकीला झोप येईना. विमानात अवघडून पोटऱ्या दुखत होत्या, आणि तिच्या घड्याळात तर भर दुपार. आईने काहीही विचारलं नाही. काशाची वाटी काढली, खोबरेल कोमट केलं, खाली बसली आणि नातीचे पाय मांडीवर घेतले.

तुम्हा सगळ्यांना ती वाटी माहीत आहे. वाटीची पाठ टाचेवरून निघते, तळव्याच्या खोलगट जागी थोडी रेंगाळते, बोटांच्या मुळाशी येऊन वळते. मधेच आई वाटी बाजूला ठेवून अंगठ्याने एकेक बोट ओढायची. तळवा हळूहळू काळपट झाला. 'उष्णता निघाली बघ,' आई म्हणाली. ते काही खरं नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना धातूचा अगदी बारीक अंश तेलात उतरतो, त्याचा तो रंग. हे मी लेकीला सांगितलंही. पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती आजीच्या टाचांकडे बघत होती. आईच्या टाचांना मोठाल्या भेगा आहेत. आणि पोरीने विचारलं, 'आजी, तुझ्या पायांना कोण तेल लावतं?'

आई हसली. 'मला कशाला गं? मी धडधाकट आहे.'

मंडळी, आपल्यातल्या किती जणांच्या आईने हेच उत्तर दिलं असतं!

आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटाने हजार वर्षांहून आधी दिनचर्या सांगताना लिहून ठेवलंय की अभ्यंग रोज करावा, त्याने म्हातारपण, श्रम आणि वात लांब राहतो. त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावावं, असं तो म्हणतो. कुणी लावू नये तेही सांगितलंय. अजीर्ण झालं असेल, कफ वाढला असेल, तर नको. किती जमिनीवरचं बोलणं आहे हे! आपण मात्र अभ्यंग वर्षातून एकदा ठेवलाय, नरकचतुर्दशीला, आणि तोही इथे कामाच्या दिवशी आला तर शनिवारवर ढकलतो.

वस्तू आपण टिकवल्या, याबद्दल आपल्याला शाबासकी द्यायला हवी. बॅगेत उटणं येतं, मोती साबण येतो, सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध येतं. हळदीचं तर काय सांगावं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, संस्कृत ग्रंथांपासून छापील शोधनिबंधांपर्यंत पुरावे मांडले आणि १९९७ साली ते रद्द करून घेतलं. संस्थेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते, आपल्या गिरगावात वाढलेले. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण ती लढाई ज्या गोष्टीसाठी झाली ती बघा: गुडघा फुटला की डब्यातली चिमूटभर हळद जखमेवर दाबणारी आई. आज आपल्या घरात हळद कॅप्सूलमधून येते. पोराचा गुडघा फुटला की तो स्वतःच कपाटातून पट्टी काढून लावतो, आणि आपण 'किती स्वावलंबी झालाय' म्हणून कौतुक करतो. जखम धुऊन पट्टी लावणं अगदी बरोबर आहे, उलट तेच करावं. मी म्हणते, ती पट्टी तुम्ही लावा ना. दोन मिनिटं खाली बसा, फुंकर घाला.

योगाचंही तसंच. ज्या गोष्टीसाठी आपण इथे महिन्याला पैसे मोजतो, ती साध्या प्रपंची माणसांसाठी खुली करण्याचं मोठं काम मुंबईत झालं. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती आज सांताक्रूझला आहे. योग संन्याशाने गुहेत करायचा नाही, गृहस्थाने घरात करायचा, हा त्यांचा आग्रह. पुढे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं आणि उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया यांच्यावर क्ष-किरणांनी प्रयोग केले. घरात करायची गोष्ट, तपासून घेतलेली गोष्ट. आपण ती घराबाहेर नेली. चटई गाडीच्या डिकीत असते.

आणि दिवेलागण. गॅलरीत खेळणारी सगळी पोरं एका हाकेत आत यायची, पाय धुऊन शुभंकरोती, मग पाढे, मग रामरक्षा. कुणाचा देवावर विश्वास असेल, कुणाचा नसेल, त्यात मी पडत नाही. पण २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावला, तेव्हा दोन्हींमध्ये श्वास आपोआप संथ झाला, मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण बारा ते वीस श्वास घेतो. हृदयाची लयही त्या श्वासाशी जुळली. लांब ओळ एका दमात म्हणायची तर श्वास सावकाश सोडावाच लागतो. रामरक्षेवर कुणी असा प्रयोग केला असेल-नसेल, पण ती घाई न करता म्हणून बघा, श्वास कुठे जातो ते तुमचं तुम्हाला कळेल. रामरक्षा नको असेल तर मनाचे श्लोक म्हणा, तुकोबांचा अभंग म्हणा. फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरातली सगळी एकत्र बसा. सात वाजता आपल्या घरी चार माणसं चार पडद्यांसमोर असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सर्दी झाली की तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी करा. त्या वासातलं थायमॉल खरोखरच जंतुनाशक आहे, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि पुरचुंडी धरायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आधी ती स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा, पोळेल इतकी गरम नको.

आता थोडं रागावते. मंडळाच्या ग्रुपवर रोज जे उपाय फिरतात, त्यातले निम्मे कृपा करून पुढे पाठवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट चाटवू नका. मधातल्या जिवाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा विषबाधेचा आजार होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. आजीने आपल्याला चाटवलं होतं, आपण वाचलो, तेवढ्यावर नातवंडाची परीक्षा घेऊ नये. कुठल्यातरी साइटवरून भस्मं आणि गुटिका मागवू नका. अमेरिकेत २००८ साली इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि मेथीचं पाणी प्यायला लागलात म्हणून मधुमेहाची गोळी बंद करू नका. वाटीने झोप येते, मन निवतं, अंग हलकं होतं. त्यापलीकडचं काम डॉक्टरांचं आहे. घरगुती उपायांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्यांच्या गळ्यात नको ते दावे बांधलेले मला बघवत नाहीत.

तर, लेकीचा प्रश्न. आजीने तो हसून उडवला, पण पोरीने सोडला नाही. दुसऱ्या रात्री वाटी तिने घेतली. आई पाय साडीखाली ओढून घेत होती. 'लहान मुलांनी मोठ्यांचे पाय दाबायचे असतात ना? तूच सांगितलंस,' असं म्हणून तिने ते बाहेर काढले. हात चुकत होता, तेल लादीवर सांडत होतं. थोड्या वेळाने आई गप्प झाली. मग तिचे खांदे खाली आले. माझ्या आईचे खांदे इतके सैल मी कधी पाहिले नव्हते. आम्ही निघेपर्यंत रोज रात्री हा कार्यक्रम चालला.

मग आम्ही निघालो.

आम्ही आईला काय काय देतो! वर्षाला संपूर्ण तपासणीचं पॅकेज, घरपोच औषधं, रोजचा व्हिडिओ कॉल. पण हल्ली तिच्या दंडाला घट्ट धरणारी एकच गोष्ट आहे, आम्ही पाठवलेलं बीपीचं यंत्र. चाळीत असं नव्हतं. दुपारची कामं आटोपली की बायका गॅलरीत ओळीने बसायच्या, एकीच्या केसांत दुसरी तेल घालायची, दुसरीच्या केसांत तिसरी. कुणी त्याला उपचार म्हणत नव्हतं. मुलुंडला एका मजल्यावर सहा दारं आहेत आणि सहाही बंद असतात. ब्यूरोची बाई ठेवायची म्हटलं तर आई म्हणते, परक्या बाईकडून पाय चोळून घ्यायला मी काय अंथरुणाला खिळलेय?

आपल्या मंडळातही आता सत्तरी ओलांडलेली बरीच माणसं आहेत. सहा महिन्यांसाठी आलेले आईवडीलही आहेत. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर बर्फ, आणि दिवसभर खिडकी. शनिवारी मराठी शाळा भरते तेव्हा शेजारची खोली रिकामी असते. ती आपल्याला मिळावी असं मी समितीकडे मागितलंय. मुलांना तेवढा वेळ आजी-आजोबांजवळ बसवायचं. तेल, काशाच्या दोन-चार वाट्या, जुने टॉवेल आणू. गुडघेदुखी, मधुमेहाच्या जखमा असतील त्यांना आधी विचारून घेऊ. आपली मोठी माणसं संकोच सोडून पाय पुढे करतील का, हे मला सांगता येत नाही. मुलं पहिल्या शनिवारनंतर टिकतील का, तेही नाही. आणि मुंबईतल्या घरांचं काय करायचं, त्याचं उत्तर तर माझ्याकडे मुळीच नाही. तुमच्यापैकी कुणी काही करून पाहिलं असेल, एखाद्या सोसायटीत, एखाद्या शेजारणीच्या मदतीने, तर आज जेवणाच्या रांगेत मला जरूर गाठा.