गुडघ्याजवळची गाठ: आधी सुई, मग सुरी

मंडळी, गुडघ्याजवळ गाठ आली की आपल्याकडं पहिलं निदान घरातच होतं. "खेळताना मार लागला असंल." मग लेप, मालीश, पट्टी. यात घरच्यांना दोष देणं मला पटत नाही, कारण सायनोव्हियल सार्कोमा हा मऊ मांसात होणारा कॅन्सर वागतोच तसा फसवा. हळू वाढतो, कधी दुखतो, कधी वर्षभर दुखतच नाही. ताप नाही, भूक शाबूत. होतो तो बहुधा तरण्या पोरापोरींना, ज्यांच्याबाबत कॅन्सरची शंका कुणाच्या मनातही येत नाही. बसतो सांध्याच्या शेजारी, खोल. सांध्याच्या पोकळीत क्वचितच. एक्स-रेत हाड चांगलं दिसतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

खरं नुकसान त्यानंतर होतं. कुणीतरी म्हणतं, चरबीची गाठ आहे, भूल देऊन दहा मिनिटांत काढू. निघतेही सहज, कारण तिच्याभोवती पापुद्रा असतो. पण तो पापुद्रा खोटा. पेशी त्याच्या बाहेर गेलेल्या असतात. हरळीच्या रानात नांगर घातला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात काढलेली गाठ तपासायला न पाठवता बादलीत गेली, तर पुढच्या डॉक्टरच्या हाती नुसता व्रण उरतो. माझं स्पष्ट मत आहे: या आजारात पहिलं ऑपरेशन हीच सगळ्यात मोठी संधी, आणि ती घाईत वाया जाते.

म्हणून खोलवरची, वाढत जाणारी किंवा 5 सेंटीमीटरहून मोठी गाठ असेल तर आधी एमआरआय. मग जाड सुईनं तुकडा काढून बायोप्सी. सुई टोचायची जागाही पुढचं ऑपरेशन करणाऱ्यानंच ठरवावी, म्हणजे तो मार्ग नंतर गाठीसोबत काढता येतो. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे प्रत्येक गावात ऐकतो. नीट केलेल्या बायोप्सीनं तसं होत नाही. अर्धवट कापण्यानं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली शंका राहिली तर जनुकीय तपासणी करतात. एक्स आणि 18 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जोडले गेलेले सापडले, की निदान पक्कं. हा बिघाड गाठीपुरताच असतो, आईबापाकडून आलेला नसतो. तेव्हा सासर-माहेरचा वाद नको.

उपचारात मुख्य शस्त्रक्रिया: गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी मांसाच्या थरासकट काढायची. आज बहुतेकांचा पाय वाचतो. जोडीला बऱ्याचदा रेडिएशन; गाठ मोठी असेल तर आयफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन ही केमोची औषधं. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) बदलून देण्याच्या उपचाराला मान्यता मिळाली, तीही केमो झालेल्या आणि आजार पसरलेल्या ठरावीक रुग्णांसाठी. त्याची बातमी मला रोज कुणीतरी पाठवतं, पण आपल्याकडची अडचण साध्या बायोप्सीपाशीच अडलेली आहे.

संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला टाटात जाताना एमआरआयची सीडी आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक-स्लाईड (गाठीचे मेणात ठेवलेले तुकडे आणि तपासणीच्या काचा) सोबत घ्या, नुसता रिपोर्ट नव्हे. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी दाखल होण्याआधीच करा.

हा आजार परतू शकतो, तो बहुधा फुप्फुसात, आणि कधीकधी दहा वर्षांनीही. म्हणून छातीची तपासणी टाळू नका. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर फाईल बरोबरच न्यावी. ती गावी कुलपात राहिली, तर खोकला सुरू झाल्यावर कारखान्याजवळच्या डॉक्टरला त्याचं मूळ कळणार कसं?