कुळ्याचा बँकर

नमस्कार मंडळी. मघाशी कुणीतरी विचारलं, "तुम्ही गोव्याचे, मग लहानपण समुद्रावर गेलं असेल ना?" नाही हो. आमचं गाव कुळे. समुद्र तिथून लांब, पण स्टेशन घराच्या मागच्या दारात. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि प्लॅटफॉर्मवर कानडी, अशा तीन भाषांत आम्ही भांडायचो.

तेव्हा रेल्वे मीटरगेज होती, म्हणजे रुळांमधलं अंतर जेमतेम एक मीटर; मुंबईकडचे रूळ त्याहून रुंद. वास्कोहून निघालेल्या माणसाने मिरजेला गाडी बदलायची आणि मग मुंबई गाठायची. आजोबांकडे त्याहून जुन्या गोष्टी होत्या. पोर्तुगीज अमदानीत कुळ्याला सामान उघडून दाखवावं लागे, आणि 1955 साली सरहद्दीवरून गाड्याच बंद पडल्या, हे ते इतक्या वेळा सांगत की आम्ही पळून जायचो. जायचो कुठे, तर स्टेशनवर.

माझ्याकडे एक वही होती. पुढून गणितं, मागून इंजिनांचे नंबर. वायडीएम-4 जातीची डिझेल इंजिनं आवाजावरून ओळखायची, यावर आमच्या पैजा लागत. शेंगदाण्यांच्या.

कुळ्यापासून वर कर्नाटकातल्या कॅसलरॉक स्टेशनपर्यंत साधारण 26 किलोमीटरचा घाट. चढ 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर. हे काम एकट्या इंजिनाचं नव्हे, म्हणून कुळ्याला मागून ढकलायला इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. पुढच्या इंजिनाने शिटी द्यायची, मागच्याने उत्तर द्यायचं, मग गाडी हलायची.

1989 च्या चवथीच्या सुट्टीत शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी मला इंजिनात घेतलं. नियमात बसत नव्हतं, म्हणून नाव सांगत नाही. काका हुबळीकडचे. मी रात्रभर झोपलो नाही. आता दूधसागर इंजिनातून बघणार!

आणि मंडळी, ते इंजिन निघालं बँकर.

समोर आमच्याच इंजिनाचं लांब नाक, म्हणजे केबिनच्या एका बाजूचा लांबलचक भाग, त्यापुढे गार्डाचा डबा, आणि त्याच्या मागच्या ओट्यावर बसून डबा खाणारे गार्डसाहेब. अख्खा घाट मी त्यांना जेवताना बघितलं. बोगदा आला की धूर केबिनमध्ये शिरे. काका तोंडाला पंचा लावत आणि माझ्या तोंडालाही. हँडल आठव्या नॉचवर, म्हणजे पूर्ण जोरावर, पायाखालचा पत्रा थरथरतोय, गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगाने. रूळ ओले होते. मध्येच चाकं जागच्या जागी गरगरली, काकांनी हँडल मागे घेतलं, पकड बसावी म्हणून चाकांखाली वाळू सोडली आणि मीटरच्या काट्यावरची नजर काढली नाही. दूधसागरचे तुषार खिडकीतून आत आले तेव्हा मी ओरडलो, "काका, धबधबा!" ते म्हणाले, "तिकडं काय बघतोस रे? पाणीच की ते. तेनंच रूळ भिजिवलंय."

आज त्याच पाण्यासाठी लोक मनाई मोडून रुळांवरून चालत जातात. काकांनी काय म्हटलं असतं कोण जाणे.

परतताना एकटं इंजिन, आखूड नाक पुढे. आता सगळा घाट समोर उघडा! तापलेल्या ब्रेकचा वास, खाली दरीत ढग, आणि वळणावर अचानक तो पांढरा कडा. काकांनी या वेळी काहीच म्हटलं नाही. इंजिन जरा हळू केलं, एवढंच. उतारावर ते नियमानेच करावं लागत असेल, पण मी ते माझ्यासाठी धरलं.

घरी आलो, वही काढली आणि लक्षात आलं: त्या इंजिनाचा नंबरच बघितला नाही. तो बाहेरून रंगवलेला, मी दिवसभर आत. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. काका दाढी करत होते.

"नंबर?" म्हणाले, "बहात्तर लिटर घाम गेला तेवढं लिही की!"

वहीत ती ओळ अजून रिकामी आहे.