ट्रॉम्बेची चिमणी विझत का नाही?

[माहुलची जेटी. ओहोटी. चिखलात फ्लेमिंगो, मागे चिमण्या.]

हिवाळ्यात मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माहुलच्या जेटीवर कॅमेरेवाल्यांची गर्दी असते. फ्लेमिंगो बघायचे, फोटो काढायचे आणि चिमणी चौकटीत येणार नाही असा कोन शोधायचा. आज आपण उलटं करू. पक्षी राहू देत बाजूला, कॅमेरा चिमणीकडे वळवू.

मागे दिसणारं ट्रॉम्बेचं औष्णिक वीज केंद्र 1956 पासून मुंबईला वीज देतंय. त्यातला 500 मेगावॉटचा कोळशाचा संच 1984 सालचा, म्हणजे चाळिशी ओलांडलेला. तो बंद करायचा विषय निघाला, चर्चा झाली, आणि 2024 मध्ये संपणाऱ्या वीजखरेदी कराराला पाच वर्षं वाढवून मिळाली. गंमत अशी, की दोनच वर्षं आधी, मार्च 2022 मध्ये, याच शहराच्या महापालिकेनं हवामान कृती आराखडा जाहीर केला होता. 2050 पर्यंत नेट झीरो, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषला जाईल असं बघायचं. देशानं स्वतःला 2070 ची मुदत घातलीय. मुंबईनं वीस वर्षं आधीचा वायदा केला.

टीव्हीवरच्या चर्चेत याची उत्तरं ठरलेली असतात. एक जण म्हणतो, कोळसा लॉबी. दुसरा म्हणतो, विकास हवा तर धूर सोसा. मुंबईपुरती तरी ही दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. खरं कारण बघायचं तर चिमणीवरून नजर काढून तारांकडे न्यावी लागते.

[खाडीतले वीजवाहिन्यांचे मनोरे.]

मुंबईच्या तिन्ही बाजूंना पाणी. बाहेरची वीज आत यायच्या वाटा मोजक्या: पडघा, कळवा, खारघर इकडून येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या. उन्हाळ्यात शहराची मागणी 4,000 मेगावॉटच्या वर जाते. राजस्थानात सूर्य कितीही तळपला तरी या वाटांतून मावेल तेवढीच वीज आत येणार. गाडी वेळेवर लागली तरी पूल अरुंद असेल तर माणसं फलाटावरच अडकतात, तसं.

12 ऑक्टोबर 2020. सोमवार, सकाळचे दहा वाजायच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवर उतरून चालू लागले. कोविडचे दिवस, रुग्णालयांत जनरेटरची धावपळ. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या.

अशा वेळी शहर वाचावं म्हणून 1981 पासून एक सोय आहे. बाहेरची ग्रिड कोसळली की मुंबईनं स्वतःला तिच्यापासून तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटातल्या जलविद्युत केंद्रांच्या जोरावर तग धरायचा. वीज क्षेत्रातली मंडळी याला आयलँडिंग म्हणतात. त्या दिवशी ते जमलं नाही. शहराची भूक मोठी आणि घरची वीज तोकडी.

मग राजकारण सुरू झालं. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली. मार्च 2021 मध्ये गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त करणारा अहवाल पुढे आणला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांचं म्हणणं, माणसाची चूक. चीन आला, हॅकर आले. अरुंद वाटांबद्दल बोलायला वेळ कोणाला होता?

फायलींमध्ये मात्र धडा पक्का नोंदला गेला: शहराच्या पोटात चालतं वीज केंद्र हवंच. ट्रॉम्बेला दीर्घायुष्य मिळालं ते या एका वाक्यावर. कोळशाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो खोटा नाही. ट्रॉम्बेला नावं ठेवणाऱ्यानं आधी या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

[माहुलची वस्ती. खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले कपडे.]

शहर अंधारात जाऊ नये म्हणून काढलेल्या या विम्याचा हप्ता माहुल भरतं. हवेचा सगळा दोष वीज केंद्राचा नाही. तेलशुद्धीकरण कारखाने, साठवणुकीच्या टाक्या, टँकरची रांग, सगळं इथंच. राष्ट्रीय हरित लवादानं 2015 मध्येच माहुल-आंबापाड्याच्या हवेपासून आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं. तरीही तानसा जलवाहिनीलगतची झोपडी तुटलेली कुटुंबं आणून वसवली ती याच माहुलमध्ये. लोक रस्त्यावर बसले, उच्च न्यायालयात गेले.

डहाणूत तरी एक लढाई जिंकली गेली. चिकूच्या वाड्या आणि मासेमारीच्या पट्ट्यात कोळशावरचं 500 मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणूसाठी पर्यावरण प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणानं इतका तगादा लावला, की धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा 2007 मध्ये बसवावीच लागली. पुढे 2025 मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना याच यंत्रणेतून सूट दिली. डहाणूकरांना ही बातमी वाचून काय वाटलं असेल, याचा अंदाज करा.

आणि विदर्भ? चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एक वाहिनी 1999 पासून 1,500 मेगावॉट वीज वाहून आणू शकते. तार इकडे येते, राख तिकडेच राहते. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटून राखेचं पाणी शेतात शिरलं. पुढच्याच वर्षी, मे महिन्याच्या उन्हात, तिथेच 660 मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. नागपूरकर चिडले, यात नवल काय? मुंबईत या सुनावणीची बातमी किती जणांनी वाचली?

[खोपोली. डोंगरउतारावरून उतरणारे जाड पाईप.]

मग हरित वीज आणली की हात स्वच्छ? मुंबईला हा भ्रम परवडणारा नाही. गिरण्यांना वीज देण्यासाठी खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झालं. धूर नाही, राख नाही. पुढे भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं आणि मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे दिसू लागलं. 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते तिथं. धरण झालंच.

त्याच घाटमाथ्यावर आज पुन्हा काम निघालंय. दिवसा सौर वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, संध्याकाळी ते खाली सोडून वीज काढायची. भिवपुरीला 1,000 आणि शिरोत्याला 1,800 मेगावॉटच्या अशा उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात 2023 मध्ये सामंजस्य करार झाला. सूर्य मावळल्यावर काय, या प्रश्नाला मुंबईच्या जवळ असलेलं सगळ्यात खात्रीचं उत्तर हेच वाटतं. तलाव आहेत, डोंगर आहे, शंभर वर्षांचा अनुभव आहे.

कारण खरी अडचण संध्याकाळची. 2023 च्या दिवाळीत, 12 नोव्हेंबरला, अदानी इलेक्ट्रिसिटीनं उपनगरांना चार तास पूर्णपणे अपारंपरिक वीज पुरवली. सकाळी दहा ते दुपारी दोन. कौतुक करावं अशीच गोष्ट, फक्त कंदील लावायची वेळ अजून व्हायची होती.

[निविदेची कागदपत्रं, मग मंत्रालय.]

राजकीय पक्षांच्या भाषणांत कोळसा आणि सूर्य एकमेकांचे शत्रू असतात. सरकारी कागदावर ते शेजारी बसतात. सप्टेंबर 2024, विधानसभा निवडणूक तोंडावर. महावितरणची 6,600 मेगावॉटची निविदा अदानी समूहाला मिळाली. त्यात 5,000 मेगावॉट सौर आणि 1,600 मेगावॉट कोळसा, एकाच पुडक्यात. सरासरी दर 4 रुपये 8 पैसे युनिट. त्यातली सौर वीज 2 रुपये 70 पैशांना. काँग्रेसनं आरोप केला की पुडकं एका कंपनीच्या मापानं बांधलंय. सरकारचं उत्तर, रात्रीची वीजही लागते. आमच्या मते प्रश्न साधा होता: सौर आणि कोळसा वेगवेगळे विकत घेतले असते तर रात्रीच्या विजेचा खरा भाव सगळ्यांना दिसला असता. एकत्र बांधल्यावर तो सरासरीत मुरतो.

[सोसायटीची गच्ची. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना, पत्र्याची शेड.]

आणि आपली गच्ची? पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी दर किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की काय होतं, ते मुंबईकराला सांगायला नको. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गळती होईल, खालचे म्हणतात आम्हाला काय फायदा, खजिनदार म्हणतात लिफ्टचं बिल तरी कमी येईल. मग मागून आवाज येतो, ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च?’ विषय पुढच्या सभेवर. गच्च्यांनी सगळी मुंबई उजळणार नाही, उंच इमारतींच्या सावल्या तेवढं करू देणार नाहीत. पण शहराच्या आत तयार झालेल्या प्रत्येक युनिटला खाडी ओलांडावी लागत नाही, आणि मुंबईत मोल आहे ते याचंच.

वाटा हळूहळू रुंद होतायत. खारघर-विक्रोळी वाहिनी कित्येक वर्षं रखडल्यावर 2023 मध्ये सुरू झाली, आणि शहरात आणखी 1,000 मेगावॉट आणायची सोय झाली. कुडूस ते आरे ही तेवढ्याच क्षमतेची दुसरी, तिचा बराचसा भाग जमिनीखालून. म्हणजे ट्रॉम्बे अपरिहार्य आहे असं म्हणणाऱ्यांच्या पायाखालची जमीन थोडी सरकलीय. पण डेटा सेंटर वाढतायत, एसी वाढतायत, मेट्रो वाढतेय. आलेली जागा नवी मागणीच खाऊन टाकेल, अशी भीती आहेच.

[विजेचं बिल, जवळून.]

घरी आलेलं बिल उलगडून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार. कोळसा महागला की हा शेवटचा आकडा फुगतो. हे दर आणि ट्रॉम्बेसारखे करार ज्यांच्यापुढे जातात तो राज्य वीज नियामक आयोग बसतो कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, तेराव्या मजल्यावर. दरनिश्चितीच्या वेळी आयोग लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतो. वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. ट्रॉम्बेच्या संचाची वाढीव मुदत 2029 मध्ये संपतेय.